जावक क्रमांक ४१२-अ

पवनी, १२ नोव्हेंबर २०२५

तुळसाताई,

नमस्कार. हे पत्र वाचायचं नसेल तर बाजूला ठेव, पण फाडू नकोस. कागद माझ्याच दुकानातला आहे आणि जाड आहे, हाताला त्रास होईल.

सर्वांत आधी माझी तक्रार ऐक, कारण पवनी तालुक्यात ती ऐकून घ्यायला आता कोणी शिल्लक नाही. या महिन्याच्या एक तारखेपासून रोज सकाळी ठीक सात वाजता, मी तर्री-पोह्यांचा पहिला घास तोंडात घालतो त्याच क्षणी, माझ्या मोबाइलमधून एक बाई रडायला लागते. सात ते साडेसात विरहगीतं. कार्यक्रमाचं नाव 'मंगलप्रभात'. ऑक्टोबरपर्यंत या वेळेला भजनं होती. भजनाच्या साथीनं माणूस निर्धास्त खाऊ शकतो. आता दाताखाली शेंगदाणा आला तरी कोणाच्या तरी तेरवीत पहिल्या पंगतीला बसल्यासारखं वाटतं. मी रीतसर लेखी हरकत घेतली, खाली सही केली, तारीख घातली. उत्तर आलं, "दुःख सकाळीच ताजं असते जी." असल्या माणसाशी वाद कसा घालणार!

हा सगळा प्रकार 'रेडिओ कवेलू' नावाच्या इंटरनेट रेडिओवर चालतो. मोबाइलवर ऐकायचा, जुन्या गाण्यांचा. कवेलू अशासाठी की आपल्याकडे ट्रान्झिस्टर कवेलूंच्या छपराखाली वाशाला टांगलेला असायचा. पानाच्या तळाशी ऐकणाऱ्यांचा आकडा दिसतो. तो साधारण एकोणीस असतो. त्यातले चार चालकाच्या स्वतःच्या घरातले फोन आहेत.

मी या रेडिओचं निवेदन लिहून देतो. तहसीलसमोर माझं झेरॉक्सचं दुकान आहे, लोकांचे अर्ज लिहून देतो, आणि दर शुक्रवारी भंडाऱ्याच्या एका साप्ताहिकात पुढाऱ्यांची सालपटं काढतो, हे तुझ्या कानावर आलं असेल. नसेल तर तुझं काही अडलं नाही. निवेदन लिहिणं त्या मानानं सोपं. पुढच्या महिन्याची कार्यक्रमपत्रिका कालच तयार केली. मंगळवारी 'दोन आवाज', म्हणजे युगुलगीतं. गुरुवारी नुसती वाद्यं. शनिवारी लग्नाच्या बँडवाल्यांनी वाजवून वाजवून झिजवलेली गाणी, मूळ स्वरूपात. आणि त्याआधीच, येत्या रविवारपासून, दुपारी अडीच वाजता, एक नवी मालिका: 'जावक'.

ती कशाची आहे ते सांगण्याआधी चालकाचं नाव सांगावं लागेल. मी चार ओळी मुद्दाम लांबवल्या, तुझ्या लक्षात आलंच असेल. टिकाराम. आपल्या आसगावचा टिकाराम, श्रोता संघाचा सचिव. कारखान्यातून गेल्या वर्षी सेवानिवृत्त झाला आणि जवाहरनगरजवळ घर बांधून मागच्या खोलीत हा उद्योग मांडून बसलाय.

तू छत्तीस वर्षांत एकदा माहेरी आलीस, बाबा गेले तेव्हा, तेही दोन तासांसाठी. माझ्याशी बोलली नाहीस. माझी तक्रार नाही. तक्रार फक्त पोह्यांची आहे.

'जावक'मध्ये संघाच्या जुन्या रजिस्टरातल्या फर्माइशी वाचल्या जाणार आहेत. एवढं तुला माहीत असावं म्हणून लिहिलं. पत्ता तुझ्या सुनेनं, रितानं दिला. फोन केला असता, पण फोन आवाज ओळखून ठेवून देता येतो. पत्र निदान उघडावं तरी लागतं.

पुंडलिक


पवनी, २० नोव्हेंबर

ताई,

रिताचा निरोप आला: "आईंनी पत्र वाचलं. अर्धं वाचून आत गेल्या, मग परत येऊन उरलेलं वाचलं." त्या पोरीनं आणखी एक गोष्ट सांगितली, ती मला माहीत नव्हती. घरात कोणी रेडिओ लावला की तू उठून दुसऱ्या खोलीत जातेस. राजनांदगावच्या तुझ्या घरात रेडिओ म्हणून नाहीच. मी हे वाचून दुकानाचं शटर अर्धं खाली घेतलं आणि गिऱ्हाइकांना मशीन बिघडलंय म्हणून सांगितलं.

रविवारी टिकारामकडे गेलो होतो. मागच्या खोलीच्या भिंतींना जुन्या गाद्या बांधल्या आहेत, आवाज घुमू नये म्हणून. दारावर पाटी: 'प्रसारण चालू आहे, कुकर लावू नये.' त्याची बायको शकुनबाई अडीच ते तीन अंगणात तांदूळ निवडत बसते आणि शिटी व्हायची राहिली म्हणून रेडिओला शिव्या घालते.

"बसा जी पुंडलिकराव," ती म्हणाली. "आत माही सवत हाय. हे कापडात बांधून ठेवते. पन धूळ मीच पुसतो."

सवत म्हणजे ते रजिस्टर.

तुला आठवत असेल, संघातून रेडिओला फर्माइशीचं कार्ड कसं जायचं. फर्माईश कोणाचीही असो, अक्षर माझं. माझं अक्षर बरं म्हणून हे काम माझ्याकडे. मग कार्ड टिकारामकडे जायचं. तो गाणं, नावं, तारीख जावक रजिस्टरात उतरवायचा, क्रमांक टाकायचा, संघाचा शिक्का मारायचा आणि सोमवारी स्वतः पोस्टात टाकायचा. एकही कार्ड त्याच्या हाताखालून गेल्याशिवाय गावाबाहेर पडत नसे. आणि मुलींची नावं घालायची नाहीत हा अलिखित नियम. घालायचीच तर बेबी, गुड्डी असं काहीतरी, म्हणजे कोणाची ते कळू नये.

त्यानं कापड सोडलं, पानं उलटली आणि एके ठिकाणी बोट ठेवलं. सगळ्या नोंदी निळ्या शाईत, ही एकच लाल. जावक क्रमांक ४१२-अ. नावं दोन: तुळसा, टिकाराम. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलंय, 'स्वतः पाठविले.'

"हे कार्ड तिनं सोताच टाकलं होतं जी," तो म्हणाला. "मले न सांगता."

"तुम्हाला कसं कळलं?" मी विचारलं.

"संघातल्या कोनी टाकलं असतं त माह्या हातून गेलं असतं. गेलं नाई. रेडिओवर आयकलं तवाच मले समजलं. मंग रायलं कोन? तीच ना. रातच्यालेच लाल शाईनं चढवलं. नोंद त झाली पायजे."

मी म्हटलं, "मग बाबा तुमच्या दारात आले तेव्हा तुम्ही 'मीच लिहिलं' असं का म्हणालात?"

त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी नगरपालिकेचा माणूस आहे. "तिच्या नावानं बोंब होऊ द्याची काय? मानूस म्हनून मार खाल्ला त चार दिवस दुखते. पोरीच्या नावाले लागलं त जलमभर दुखते."

ताई, तू छत्तीस वर्षं समजत आलीस की ते कार्ड त्यानं लिहिलं. तो छत्तीस वर्षं समजत आलाय की ते तू लिहिलंस. त्यावर तो जगलाय म्हणणार नाही, बायको आहे, पोरं आहेत, पेन्शन आहे. पण ते कापडात बांधून ठेवलंय एवढं खरं.

१४ डिसेंबरला ती नोंद वाचायची त्यानं ठरवलंय. कार्यक्रमपत्रिकेत छापूनही टाकलं. मला म्हणाला, "तिले कळवा. तिनं पाठवलेल्या कार्डाचा मान राखाचा हाय. एकदा आयकन."

ते कार्ड कोणीतरी लिहिलंच असणार. गावात टवाळ पोरांची काय कमी होती. मी कार्यक्रम थांबवू का, एवढंच कळव.

पुंडलिक


पवनी, २७ नोव्हेंबर

ताई,

काल रिताचा फोन आला. "मामाजी, आईंनी एकच विचारलंय. त्यानं लिहिलं नाही, मी लिहिलं नाही, तर लिहिलं कोणी?" मी म्हटलं, पत्रातून कळवतो. फोन ठेवल्यावर रुखमा, म्हणजे माझी बायको, समोर उभी. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, तिच्यापासून ही एकच गोष्ट लपवली होती आणि तीही धड लपली नव्हती. बाहेर रेडिओवर फर्माइशी लागल्या की मी घामाघूम होतो, हे तिला पहिल्या वर्षीच दिसलं होतं.

"जगाचे उकिरडे दर शुक्रवारी उकरता," ती म्हणाली, "आपल्या दारातला कवा उकराल?"

आता उकरतो.

मी लिहिलं, ताई.

डिसेंबर एकोणनव्वद. सहामाहीत गणितात नापास झालो होतो आणि गुणपत्रक पेटीत स्वेटरखाली दडवलं होतं. तू ते काढून बाबांना दाखवलंस. बाबांनी महिनाभर संघात जायला बंदी केली आणि बांधीवरून धानाचे भारे वाहायला लावले. सतरा वर्षांचं पोर, डोक्यावर भारा, आणि रस्त्यानं संघाची पोरं हसत जातायत. मला वाटलं, तुझंही एकदा हसं व्हावं. तेवढंच. टिकारामचं नाव घेतलं, कारण तो आपल्या घरावरून जाताना सायकलची घंटी विनाकारण वाजवायचा आणि तू विनाकारण अंगणात यायचीस. त्यापलीकडे काही होतं का, मला माहीत नाही. तेव्हाही नव्हतं.

कार्ड लिहिलं, आसगावात टाकलं नाही. सायकलनं पवनीला आलो आणि इथल्या पेटीत टाकलं, म्हणजे टिकारामच्या हाती लागणार नाही. आज माझं दुकान त्या पेटीपासून ऐंशी पावलांवर आहे. पेटी काढून टाकली, तिचा खांब उभा आहे.

रेडिओ केंद्रावर हजारो कार्डं जात असतील. आपलं वाचलं जाईल अशी खात्री नव्हती. वाचलं जावं असं मात्र रोज वाटत होतं. ते लागलं तेव्हा दुपारचे अडीच वाजले होते. खळ्यावर धानाचा चुरणा चालू होता, खळ्यातही रेडिओ, पानठेल्यावरही रेडिओ. तू ओसरीवर सुपानं तांदूळ पाखडत होतीस. "आसगाव, तालुका पवनी, जिल्हा भंडारा इथून तुळसा..." एवढं आलं आणि तुझं सूप थांबलं. तू हसलीस. मग "...आणि टिकाराम" आलं.

पानठेल्यावरून बाबा घरी पोचायला गाणं संपेपर्यंतचा वेळ लागला. त्यांनी मला विचारलं, "तू साऱ्यांचे कार्ड लिवते. हे कोनाचं?" तेव्हा खरं बोलायला एक क्षण होता. मी म्हटलं, "टिकारामचं." बाबा चप्पल हातात घेऊनच गेले. त्यानं हो म्हटलं आणि माझं खोटं पक्कं झालं. मला वाटलं, तो घाबरून हो म्हणाला. त्याच्या बावळटपणाला मी किती वर्षं मनातल्या मनात हसलो, ते तुला सांगायची सोय नाही.

पुढचं तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत. भंडाऱ्याला डी.एड.ला नाव लागलं होतं, ते काढलं. दीड महिन्यात राजनांदगावचं स्थळ, तुझ्याहून अकरा वर्षांनी मोठं. मांडवात तू मला जवळ येऊ दिलं नाहीस असं लोकांना वाटलं. खरं म्हणजे मीच आलो नव्हतो, गोठ्यामागे बसून होतो. संघ मोडला. टिकाराम रजिस्टर घेऊन गाव सोडून गेला. आणि माझं अक्षर चांगलं म्हणून बाबांनी तुझ्या लग्नाच्या पत्रिकांवरचे पत्ते मलाच लिहायला लावले. एकशे चाळीस.

माफी मागायचा मजकूर मी गिऱ्हाइकांना रोज लिहून देतो. 'तरी मेहेरबानांनी उदार अंतःकरणाने...' तो इथे चालत नाही आणि दुसरा येत नाही. एका दुपारी मनात आलं आणि कार्ड लिहिलं, ही हकिगत. १४ तारखेपर्यंत काय करायचं ते तू सांग.

पुंडलिक


पवनी, ६ डिसेंबर

ताई,

तुझं पत्र मिळालं. पोस्टमननं दुकानात चार माणसांसमोर दिलं. मी ते गल्ल्याखाली ठेवलं आणि एका म्हाताऱ्याचा श्रावणबाळ योजनेचा अर्ज पुरा केला. त्यात त्याच्या बापाच्या जागी माझ्या बापाचं नाव लिहिलं. पुन्हा लिहावा लागला.

तुझं अक्षर बदललं नाही. वेलांटी अजून छपराबाहेर जाते.

तू लिहिलंस ते मी इथे उतरवतो, मला ते माझ्या हातानं एकदा लिहायचंय म्हणून:

'तुझी कबुली वाचली. त्यात एक गोष्ट नाही. एका दुपारी तुझ्या मनात काही आलं नव्हतं. कार्ड मीच मागितलं होतं. डी.एड.ला जायच्या आधी एकदा माझं नाव ऐकायचं होतं. गुड्डी नाही, बेबी नाही, तुझी बहीण नाही. माझं. मी तुझ्याजवळ बसून गाणंही सांगितलं होतं. तू हो म्हणालास, मी किती खूश झाले. म्हणून सूप थांबलं होतं. हे तू विसरलास की आताही लपवलंस?'

लपवलं, ताई. विसरण्याइतका भाग्यवान मी नाही. मागचं पत्र तीनदा लिहिलं. पहिल्या खेपेला ही ओळ होती. दुसऱ्या खेपेला काढली. सुडानं केलं असं म्हटलं तर माणूस पोर म्हणून सुटतो. बहिणीनं विश्वासानं मागितलेली वस्तू घेऊन तिच्यावरच फिरवली, हे म्हटलं की वयाचा आधार राहत नाही. इतरांच्या अर्जांतली गाळलेली ओळ मी लांबून ओळखतो. ती नेहमी अर्जातली खरी ओळ असते. तूही ओळखलीस.

तू मागितलंस ते गाणंही मी पाठवलं नाही. तू सांगितलं होतंस ते एकटीचं, नावेतून पल्याड जाणाऱ्या बाईचं, दोनच अंतऱ्यांचं. मी युगुलगीत टाकलं, म्हणजे शंकेला जागा नको.

पुढे तू लिहिलंस: 'त्याला सांग. तू स्वतः जाऊन, त्याच्या बायकोसमोर. ते कार्ड माझं नव्हतं, आणि जे माझं नव्हतं ते कोणी माझ्या नावानं जपून ठेवू नये, कितीही प्रेमानं ठेवलं असलं तरी. आणि हेही सांग की छत्तीस वर्षं मी त्याला शिव्या दिल्या, रोज नाही, पण पुष्कळ. त्या परत घेते. तुझ्या वाटच्या अजून माझ्याकडेच आहेत.'

त्या राहू दे. मी जातो.

मला वाटलं होतं तू म्हणशील, कशाला म्हाताऱ्याचं मन मोडायचं. मी तसं मनाशी ठरवूनही ठेवलं होतं. १४ तारखेला कार्यक्रम होईल, टिकाराम खूश, मी उदार, आणि खरं तुझ्या-माझ्या दोघांत राहील. किती सोयीचं होतं.

पुंडलिक


पवनी, १० डिसेंबर

ताई,

सांगितलं.

काल दुपारी बसनं गेलो. रुखमा म्हणाली, मी येते. मी नको म्हटलं. वाटेभर दोन्ही बाजूंना कापलेल्या बांध्या, धसकटं, आणि मी मनात वाक्यं रचत होतो. चांगली वाक्यं होती. एकही वापरलं नाही.

टिकाराम संगणकासमोर बसून १४ तारखेचं निवेदन वाचून पाहत होता. मीच लिहून दिलेलं, नोव्हेंबरात पत्रिकेबरोबर, नोंदीत काय आहे ते मला माहीत नसताना: 'आता ऐका एक खास फर्माईश.' शकुनबाईंना मी म्हटलं, तुम्हीही आत या.

"कुकर उतरवून येतो," ती म्हणाली. आली, दाराला टेकली.

मी म्हटलं, "चारशे बारा-अ. ते कार्ड ताईनं टाकलं नव्हतं. मी टाकलं. पवनीहून."

त्यानं कानावरचा हेडफोन काढला, त्याची वायर हाताभोवती गुंडाळायला लागला. सगळी गुंडाळून झाल्यावर म्हणाला, "तुमच्या बाबाले माह्यं नाव कोनी सांगतलं?"

"मीच."

"दोन्ही तुमीच."

"हो."

"अन् तिले?"

"तिला आजवर वाटत होतं तुम्ही लिहिलं. तिनं शिव्या दिल्या तुम्हाला. त्या परत घेते म्हणाली."

तो हसेल असं वाटलं होतं. हसला नाही. रजिस्टर कापडातून काढलं, ते पान उघडलं आणि लाल नोंदीवर बोट टेकवलं. मग स्वतःशीच म्हणाला, "म्या त तिले कवा विचारलं बी नाई. विचाराचं कायले, कार्ड आलं होतं ना."

मी उभाच होतो. बसा असं कोणी म्हटलं नव्हतं.

"मंग मी मार कोनासाठी खाल्ला?" हे त्यानं मला विचारलं नाही, शकुनबाईला विचारलं.

"तिच्यासाठीच खाल्ला," ती म्हणाली. "तिनं लिवलं नसलं म्हनून मार काय वापस येते? अन् पोरगी सोताच्या हातानं दोन नावं लिवून रेडिओवर धाडन काय जी? एवढे वर्सं झाले, तुमाले बायकाइची काई समज नाई."

"तुले मालूम होतं?"

"मालूम नोतं. पन तुमी खूश होते ना, मी कायले बोलू."

ती आत गेली. तिचा आवाज नेहमीसारखाच होता, पण पदर डोळ्याला लावलेला मी पाहिला. कोणासाठी, ते तिचं ती जाणे.

टिकारामनं खण उघडून लाल पेन काढलं आणि माझ्यापुढे ठेवलं. "शेरा दुरुस्त करा. तुमचं अक्षर बरं हाय." मी 'स्वतः पाठविले' यावर रेघ मारली आणि खाली लिहिलं, 'पुंडलिक याने पाठविले.' त्यानं ते दोनदा वाचलं, पुढे तारीख घातली आणि सचिव म्हणून सही केली. नोंद व्हायला पाहिजे ना.

मग म्हणाला, "रविवारचा अर्धा तास खाली झाला. पत्रिकेत छापलं हाय, बंद ठेवता येत नाई. तुमीच भरा. मी मशीन सांभाळीन. बोलनार नाई."

दारापर्यंत आला. चपला घालताना म्हणाला, "तिले सांगा, मले मालूम नोतं."

परतताना बस आसगावच्या फाट्यावरून जाते. मी उतरलो नाही.

पुंडलिक


पवनी, १४ डिसेंबर, रविवार

ताई,

संध्याकाळ झालीय, दुकान बंद आहे, म्हणून लगेच लिहितो.

निवेदनाचे चार मसुदे केले होते. एकात गमती होत्या. एकात माफी होती, लोकांना ऐकू जाईल अशी. तो वाचून रुखमा म्हणाली, "हे त तुमचंच नाव झालं मंग." चौथ्यात तुझ्याबद्दल सांगितलं होतं, डी.एड., ओसरी, सगळं. बसमध्ये चारही फाडले.

टिकारामनं ठरल्याप्रमाणे मशीन सांभाळलं. गाणं शोधायला त्याला तीन रात्री लागल्या, शकुनबाईनं सांगितलं. मी रजिस्टरात निळ्या शाईनं नोंद केली. जावक क्रमांक ४१३. त्यानं शिक्का काढला. शाई वाळली होती, त्यावर पाणी टाकून मारला. फिकट उठला, पण गावाचं नाव वाचता येतं.

अडीचला त्यानं बोट वर केलं. मी आयुष्यात पहिल्यांदा माइकसमोर बसलो होतो. ऐकणारे सतरा दिसत होते. खाली गावांची नावं येतात, त्यात राजनांदगाव होतं का ते पाहिलं नाही. नजर मुद्दाम कागदावर ठेवली. कागदावर फार काही नव्हतंच.

मी म्हटलं, "आसगाव, तालुका पवनी, जिल्हा भंडारा इथून, तुळसा."

बोट खाली आलं आणि नावेतल्या बाईचं गाणं सुरू झालं. दोन्ही अंतरे पूर्ण वाजू दिले. संपल्यावरही मी दुसरं नाव घेतलं नाही.

पुंडलिक